सहा इंचांचा बाबा

ऋताचा बाबा सहा इंच उंच होता. तो आईच्या फोनमध्ये राहायचा. रोज दूधभाताच्या वेळेला उजळायचा, "ऋतू, ऋतू, ऋतूडी" म्हणायचा, मान डावीकडे-उजवीकडे हलवायचा आणि मधेच तोंड उघडं ठेवून दगडासारखा थिजायचा. तो थिजला की ऋता खदखदून हसायची. तिच्या मते बाबाचा हा सगळ्यात भारी खेळ होता. कधी कधी तो बोलता बोलता काळाठिक्कर पडायचा. मग आई म्हणायची, "थांब हं, बाबाला चार्ज करू," आणि त्याला पांढरी शेपटी लावायची. थोड्या वेळानं बाबा पुन्हा उजळायचा. शेवटी ऋता त्याची ओली, शितं लागलेली पापी घ्यायची, आई फोन पुसायची आणि बाबा उशीखाली झोपायला जायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना एके सकाळी चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत, त्यांच्या क्वार्टरच्या दारात जवळजवळ सहा फुटांचा एक माणूस येऊन उभा राहिला. बर्फातल्या उन्हानं करपलेला, ओठ फुटलेले, पाठीवर हे एवढं ओझं. तो म्हणाला, "ऋतू, ऋतू, ऋतूडी," आणि त्यानं मान डावीकडे-उजवीकडे हलवली.

आता तुम्हीच विचार करा. पोस्टाच्या तिकिटावरचा चेहरा एक दिवस दार वाजवून घरात घुसला आणि पापी मागायला लागला, तर तुम्ही काय कराल? ऋतानं तेच केलं. तिनं असा भोंगा लावला की शेजारच्या ब्रिगेडियरसाहेबांच्या लॅब्राडॉरनं सूर धरला, आणि त्याला ऐकून अख्ख्या लाइनीतली कुत्री सुरू झाली.

मेजर अपूर्व सबनीस ओझ्यासकट उंबऱ्यातच थांबला. वर्षभरापूर्वी, लेक तीन महिन्यांची असताना तो फील्डवर, म्हणजे हिमालयातल्या चौकीवर, गेला होता. मधे रजा दोनदा मंजूर झाली आणि दोनदा रद्द झाली; शेवटी बदलीच चंडीमंदिरला झाली. वर चौकीत बसून त्यानं या भेटीची मनातल्या मनात इतकी उजळणी केली होती की विचारू नका. त्या उजळणीत ऋता दुडुदुडु धावत यायची. प्रत्यक्षात ती आजीच्या साडीत तोंड खुपसून बसली होती आणि श्वास घ्यायला बाहेर आली की याला बघून पुन्हा आत जात होती.

"होईल हो सवय," त्याची आई, यमुनाबाई म्हणाल्या. नातीसाठी त्या मिरजेहून येऊन राहिल्या होत्या. "तुला तरी लहानपणी तुझा बाप कुठं आवडायचा?"

"आई, हे सांगून मला बरं वाटणार आहे का?"

"बरं वाटायला नाही सांगितलं. खरं सांगितलं."

संध्याकाळी दूधभाताची वेळ झाली. ऋतानं आईचा फोन शोधून आणला आणि तो वर धरून म्हणाली, "बाबा. बाबा. बाबा." खरा बाबा समोरच्या सोफ्यावर बसला होता. त्याच्याकडे तिनं पाठ केली होती.

मधुरिमानं नवऱ्याकडे पाहिलं. अपूर्व मुकाट्यानं उठला, बाथरूममध्ये गेला, बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि त्यानं बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

ऋताचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. तिनं टाळ्या पिटल्या, त्याला दुधाचा चमचा भरवला, पापी घेतली. इकडे बाथरूममध्ये अपूर्वनं हसत हसत हात मारून नळाची तोटी सोडली, कारण त्याला रडू फुटत होतं आणि आवाज बाहेर जायला नको होता. तोटी शॉवरची निघाली. फेब्रुवारीचं ते चंडीगडचं पाणी. ओल्या, कुडकुडणाऱ्या बाबाला बघून ऋता आणखीच खूश झाली. हा नवीन खेळ होता.

त्या दिवसापासून मेजर सबनीस स्वतःच्याच घरात व्हिडिओ कॉलवर राहायला लागला. सकाळी बाथरूममधून, संध्याकाळी गाडीत बसून. लेकीच्या आणि त्याच्यामध्ये कधी काळी हिमालय होता, आता एक प्लायवूडचं दार होतं, आणि हिमालय परवडला असं त्याला वाटायला लागलं. एकदा बोलण्याच्या भरात तो फोन हातात धरून तसाच बाहेर आला. एक बाबा हातात आणि एक दारात, असे दोन बाबा बघून ऋतानं दोघांकडेही आलटून पालटून पाहिलं आणि छोट्या बाबाला वाचवण्यासाठी कोचाखाली सरकवलं.

अपूर्वला एकच गोष्ट हवी होती. तिनं आपण होऊन एकदा त्याच्याकडे यावं. कुणी उचलून मांडीत ठेवलेली नको, बिस्किटाच्या लाचेनं आलेली नको. आपली आपण. एकदाच.

आता फौजी माणसाला काही हवं असलं की तो वाट बघत बसत नाही, तो प्लॅन करतो. अपूर्वनं ठरवलं, अंतर टप्प्याटप्प्यानं कमी करायचं. रविवारी सगळी मंडळी सुखना तलावावर गेली. योजना अशी की ऋता काठावर आईच्या कडेवर, हातात फोन. अपूर्व पायडलच्या बोटीत, फोनवर. म्हणजे छोटा बाबा हातात, आणि मोठा बाबा लांब पाण्यात, दिसेल पण अंगावर येणार नाही. मग तो हळूहळू काठाकडे येईल.

कल्पना कागदावर उत्तम होती. पण एका हातात फोन धरून एकट्यानं पायडल मारलं की बोट सरळ जात नाही. ती गोल गोल फिरते. एका बदकाच्या तोंडाच्या बोटीत बसून एक धिप्पाड मिशीवाला गृहस्थ "ऋतू, ऋतूडी" असं ओरडत मान हलवत जागच्या जागी गरगर फिरतोय, हे बघायला काठावर ही गर्दी जमली. ऋता फोनमध्ये बघून हसत होती, म्हणून अपूर्व थांबेना. वेळ संपल्याची शिट्टी झाली, थांबेना. शेवटी मोटरबोट घेऊन एक जण त्याला आणायला गेला आणि दोरी बांधून ओढून घेऊन आला.

"भाईसाब, तबियत ठीक है?" त्यानं विचारलं.

"बेटी से बात कर रहा था."

"कहाँ है बेटी?"

अपूर्वनं काठाकडे बोट दाखवलं. बोटवाल्यानं दोरीची गाठ जरा घट्ट केली.

आणि काठाला लागल्यावर? ऋतानं मोठ्या बाबाला पाहिलं आणि भोंगा लावला. यमुनाबाई मक्याचं कणीस खात होत्या. म्हणाल्या, "घरचं बाथरूम काय वाईट होतं रे?"

इथवर गोष्ट घरातल्या घरात होती. पण पुढच्याच आठवड्यात मेसच्या लॉनवर दुपारच्या जेवणाला अपूर्वनं आपलं दुखणं कर्नल ढिल्लोंपुढे काढलं, आणि तिथं चूक झाली. फौजेत एक अलिखित नियम आहे. गळक्या नळाबद्दल जो बोलतो, तो नळांचा इन्चार्ज होतो.

कर्नलसाहेबांनी किन्नूची, म्हणजे तिकडच्या संत्र्याची, फोड तोंडात टाकली. "सबनीस, बडा इम्पॉर्टंट टॉपिक है यार. फॅमिली वेल्फेअर का प्रोग्रॅम आ रहा है, छोटे बच्चों की मेंटल हेल्थ पे. पापा के रोल पे तू बोलेगा."

"सर, मेरी बेटी तो मेरे पास आती ही नहीं."

"तभी तो. जिसको तैरना नहीं आता, पानी को वही सीरियसली लेता है." साहेबांनी बी थुंकली. "और एंड में बेटी दौडके तेरी बाहों में आएगी. स्टेज पे. बडी मॅडम के सामने."

"नहीं आएगी, सर."

"आएगी कैसे नहीं. रिहर्सल करेंगे ना."

इथं वाचकांना सांगायला हवं की रिहर्सल या गोष्टीवर कर्नल ढिल्लोंची देवावर असते तशी श्रद्धा होती. त्यांच्या युनिटमध्ये चहा देण्याची रिहर्सल व्हायची. चहा नाकारल्यास काय, याचीही व्हायची. एकदा तर त्यांनी बडाखान्यासाठी, म्हणजे युनिटच्या एकत्र जेवणासाठी, उत्स्फूर्त नाचाची तीनदा रिहर्सल घेतली होती.

कार्यक्रमाला तज्ज्ञ हवा होता. मधुरिमा सहज बोलून गेली की तिची मैत्रीण चिन्मयी डॉक्टर आहे, चंडीगडला सेक्टर एकोणचाळीसमध्ये एका संशोधन संस्थेत. 'डॉक्टर' एवढा शब्द ऐकूनच युनिटनं निमंत्रण पाठवून दिलं. चिन्मयीनं घाबरून कर्नलसाहेबांना फोन केला.

"सर, मैं बच्चों की डॉक्टर नहीं हूँ. मेरी पीएचडी बॅक्टेरिया पे है."

"कोई बात नहीं, डॉक्टर साहिबा," साहेब म्हणाले. "बच्चे भी छोटे ही होते हैं."

झालं. रिहर्सली सुरू झाल्या. फौजी रिहर्सलीत प्रत्येक माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा असतो. बड्या मॅडमच्या, म्हणजे जनरलसाहेबांच्या पत्नीच्या, जागी खुर्चीवर फुलदाणी. तज्ज्ञ डॉक्टरच्या जागी क्लार्क. आणि ऋताच्या जागी हवालदार गुरमेल सिंग, राहणार संगरूर, वजन पंच्याण्णव किलो, युनिटच्या कुस्तीच्या टीमचा आधार.

माइकवरून सुभेदार मेजरसाहेब म्हणायचे, "आजा मेरे पुत्तर," की गुरमेलनं स्टेजच्या एका टोकाहून रांगत यायचं आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसलेल्या मेजर सबनीसच्या मिठीत शिरायचं. पहिल्या दिवशी तो कोपरांवर सरपटत, मान खाली घालून, इकडे तिकडे टेहळणी करत आला.

"ओए गुरमेल," कर्नलसाहेब ओरडले, "बच्चा पापा के पास जा रहा है, दुश्मन की पोस्ट पे नहीं. थोडा प्यार से."

दुसऱ्या दिवशी गुरमेल प्यारसे आला. मिठीत शिरताना त्यानं उडी मारली. मेजर सबनीस मागे कोसळला आणि त्याच्याबरोबर पडदा कोसळला.

"लग्गी ते नहीं, साबजी?" छातीवर बसूनच गुरमेलनं विचारलं.

"नहीं नहीं. बहुत अच्छा. ऊठ आधी." अपूर्वचं शेवटचं वाक्य घाईत मराठीतच आलं, पण गुरमेलला समजलं.

गुरमेल मन लावून काम करणारा माणूस. आठवडाभरात तो असा तयार झाला की बघत राहावं. मधे थांबून अंगठा चोखायचा, स्वतःहून "पा... पा..." म्हणायचा. 'आजा मेरे पुत्तर' ऐकलं की त्याचे गुडघे आपोआप वाकायचे. जेवणाच्या रांगेत कुणी गंमत म्हणून ते म्हणालं, तर ताट ठेवून खाली बसायचा.

मूळ ऋता मात्र जिथल्या तिथं होती. अपूर्वला झोप लागेना. स्टेजवर फजिती होईल, बडी मॅडम बघतील, याची त्याला काळजी नव्हती असं नाही. पण खरी कळ दुसरीच होती. गुरमेल रोज संध्याकाळी त्याच्या मिठीत शिरायचा, आणि दर वेळेला तो डोळे मिटून घ्यायचा आणि क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटायचं. मग मिशी टोचायची.

अशात घरी नवा फ्रिज आला. फ्रिज आत गेला आणि खोका व्हरांड्यात राहिला. अपूर्व चहा पिता पिता त्याच्याकडे बघत बसला आणि एकदम कप खाली ठेवून उठला. ऋता चेहऱ्याला घाबरत नव्हती. चेहरा तर तिचा लाडका होता. ती घाबरत होती चेहऱ्याभोवती काही नसण्याला. बाबाला चौकट हवी.

त्यानं खोका दिवाणखान्यात ओढला, त्याला सुरीनं चौकोनी खिडकी पाडली, कडा काळ्या रंगवल्या, खाली मधोमध फोन ठेवायचं लाल बटणसुद्धा काढलं, आणि आत शिरून खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"ऋतू, ऋतू, ऋतूडी."

ऋता बाहेर आली. थांबली. खोक्याकडे बघत ती आपल्या सतरंजीच्या कडेपर्यंत गेली, तिथं बूड टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा."

स्वयंपाकघराच्या दारात मधुरिमाच्या हातातली पळी तशीच राहिली.

मग काय, मेजर सबनीस बाथरूममधून खोक्यात राहायला आला. ऑफिसहून आला की टोपी काढायची, खोक्यात शिरायचं. चहा खोक्यात, पेपर खोक्यात. सिलिंडरवाला आला त्यानं खोक्याकडूनच सही घेतली आणि जाताना दोनदा वळून पाहिलं. यमुनाबाई खिडकीतून त्याला थालीपीठ भरवायच्या.

"वर्षभरानं घरी आलास, तो खोक्यात राहायला," त्या म्हणायच्या. "शेजारीण विचारत होती, तुमचा मुलगा परत गेला का म्हणून. मी म्हटलं, नाही, पॅक करून ठेवलाय."

पण एक गोम होती. ऋता बोलायची, हसायची, टाळ्या पिटायची. पण सतरंजीची कड ओलांडायची नाही. अपूर्व रोज खिडकीतून अंदाज घ्यायचा, आज एक वीत पुढं आली का? "ये ना, ये ना बाबाकडे," असं म्हणायचा, बाहेर हात काढायचा. हात दिसला की ती एक वीत मागं जायची. फोनमधल्या बाबाला हात नव्हते.

"जरा गप बस ना," मधुरिमा एकदा म्हणाली. "तू माश्या पकडायला बसल्यासारखा बसतोस."

"कार्यक्रम शनिवारी आहे, मधू."

"तिला माहीत नाही ते. तिला शनिवारच माहीत नाही."

शनिवार उजाडला. लॉनवर शामियाना, बॅनरवर हसऱ्या बाळाचा फोटो. लेकुरवाळ्या बायका आपापल्या नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे रांगेत बसल्या होत्या आणि त्यांची बाळं हुद्दा न बघता एकमेकांची खेळणी पळवत होती. पुढच्या सोफ्यावर फुलदाणीच्या जागी खऱ्या बड्या मॅडम. स्टेजवर एका बाजूला फ्रिजचा खोका, आत मेजर सबनीस, ब्लेझर आणि टाय लावून. कर्नलसाहेबांनी खोक्याला ना हरकत दिली होती, फक्त त्यावर युनिटचं चिन्ह चिकटवायला लावलं होतं.

आधी तज्ज्ञ डॉक्टर बोलल्या. चिन्मयीनं पहिल्याच वाक्यात कबूल केलं की तिला बाळांबद्दल फारसं कळत नाही, आणि लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, मला माझे बॅक्टेरिया माहीत आहेत. त्यांना वाढायला ऊब लागते, खाणं लागतं आणि एक गोष्ट लागते, ती म्हणजे सारखं झाकण उघडून 'वाढले का, वाढले का' असं बघायचं नसतं. नवीन विद्यार्थी हमखास बघतात. आणि बघण्यानंच बिघडवतात.

तिला पुढं यीस्टबद्दल बोलायचं होतं, पण बड्या मॅडमनी मान डोलावली तशी कर्नलसाहेबांनी जोरात टाळी वाजवली आणि तिचं भाषण तिथंच यशस्वी होऊन संपलं. खोक्याच्या आत, घामाघूम झालेला अपूर्व मात्र त्या वाक्यापाशीच अडकला. कारण गेले कित्येक दिवस तो स्वतःच झाकणातून डोकावत होता.

"और अब," सुभेदार मेजरसाहेब माइकमध्ये म्हणाले, "नन्ही ऋता बेबी अपने पापा के पास जाएगी."

मधुरिमानं ऋताला स्टेजच्या टोकाला सोडलं. ऋतानं खोका ओळखला. ती चालायला लागली. एक पाऊल, आणखी एक. अपूर्वनं चौकटीत मान स्थिर धरली. इथं सतरंजी नव्हती, म्हणून सतरंजीची कडही नव्हती, आणि ती येत होती, येत होती, थेट खोक्यापाशी आली. इतक्या जवळ की तिच्या तोंडाचा दुधाचा वास त्याला आला.

तिनं हात वर केला. अपूर्वनं डोळे मिटले.

तिनं लाल बटण दाबलं.

काहीच झालं नाही. बाबा गेला नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग तिनं त्याच्या नाकावर बोट ठेवून त्याला डावीकडे सरकवायचा प्रयत्न केला. नाक सरकलं, बाबा सरकला नाही. मग दोन बोटांनी त्याचे गाल ताणून त्याला मोठा केला. तो "ओय" म्हणाला. ऋताच्या ओठांचा चंबू झाला. एवढा अनुभव गाठीला असताना असा बिघडलेला बाबा तिनं पाहिला नव्हता. ती वळली आणि दणदणीत भोंगा लावून आईकडे पळाली.

पुढच्या रांगेतल्या बाळांनी सुरात सूर मिसळला. कर्नलसाहेबांचा चेहरा पडला. प्रसंग सावरायला म्हणून सुभेदार मेजरसाहेबांनी माइक तोंडाला लावला आणि सवयीनं म्हणाले, "आजा मेरे पुत्तर."

हवालदार गुरमेल सिंग मागे सरबताचा ट्रे घेऊन उभा होता.

त्याचा तरी काय दोष? आठवडाभर युनिटनं त्याच्या गुडघ्यांना हेच शिकवलं होतं. ट्रे खाली ठेवला गेला, गुडघे वाकले, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, बड्या मॅडमच्या सोफ्यासमोरून, पंच्याण्णव किलोचं ते लेकरू रांगत निघालं. मधे थांबून त्यानं अंगठा चोखला. "पा... पा..." म्हणालं. स्टेजवर चढलं आणि उडी मारून खोक्यासकट मेजर सबनीसच्या मिठीत शिरलं.

खोका गेला. बॅनर गेला. सगळ्याचा मिळून जो ढीग झाला त्यातून एक पगडी आणि एक टाय तेवढा दिसत होता.

बडी मॅडम उठून उभ्या राहिल्या. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्या हसत होत्या, इतक्या की शेवटी त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं. आणि सगळ्यात मोठ्यानं, आईच्या कडेवर, रडं विसरून, ऋता हसत होती.

"सबनीस," कर्नलसाहेब ढिगाजवळ वाकून कुजबुजले, "ये प्रोग्रॅम में था क्या?"

"नहीं, सर," ढिगाऱ्यातून आवाज आला.

"अगले साल रखेंगे."

दुपारी घरी आल्यावर अपूर्वनं टाय सोडला, पण फोन हातात घेतला नाही. खोका तर उरलाच नव्हता. "ये ना" म्हणायचंही त्याच्यात बळ नव्हतं. आणि चिन्मयीनं ते झाकणाचं सांगितल्यापासून त्याला स्वतःच्या डोळ्यांचीच लाज वाटत होती. दिवाणखान्यात खिडकीतून ऊन आलं होतं. तो ऋताच्या सतरंजीवर आडवा झाला, तोंड भिंतीकडे केलं आणि आठवडाभराची झोप एकदम अंगावर आली.

ऋता दूधभात खाऊन बाहेर आली. तिच्या सतरंजीवर मोठा बाबा पडला होता. ती थबकली. मोठा बाबा काही बोलेना. मान हलवेना. तिच्याकडे बघेना. तिला कुणी बोलावत नव्हतं, कुणी हात पुढं करत नव्हतं.

तिनं लांबून बराच वेळ निरखलं. मग सतरंजीची कड ओलांडून ती त्याच्या पाठीमागं गेली. बाबाला मागची बाजू होती. तिथं मान होती, मानेवर केस होते, शर्टाला घाम होता. तिनं पाठीला बोट लावून पाहिलं. गरम होती. फोनही फार बोलला की पाठीमागं असाच गरम व्हायचा, हे तिला ठाऊक होतं.

म्हणजे हा बाबाच होता. फक्त संपला होता.

ऋता उठली, तुरुतुरु चालत टीव्हीच्या टेबलाकडे गेली आणि पांढरी शेपटी ओढत घेऊन आली.

कानाला काहीतरी गार लागलं तशी अपूर्वला जाग आली. तो हलला नाही. बर्फात तासन्‌तास निपचित पडून राहायचं शिक्षण त्याला सरकारनं दिलं होतं. ते असं कामाला येईल हे सरकारलाही माहीत नसेल. चार्जरची पिन आधी कानात गेली, बसली नाही. मग डाव्या नाकपुडीत. तीही बसली नाही. शेवटी ओठांच्या कोपऱ्यात जागा सापडली, आणि तिथं ती नीट रोवून ऋतानं एक सुस्कारा टाकला.

"थांब हं," ती कुणाला तरी म्हणाली, आणि चार्ज होईपर्यंत बसायला जागा हवी म्हणून त्याच्या पोटाला टेकून बसली.

दारात यमुनाबाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मधुरिमानं त्यांचा हात धरला. यमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर आलेलं वाक्य गिळलं.

अपूर्वनं थोडा वेळ जाऊ दिला. मग एक डोळा उघडला. ऋता त्याच्याकडेच बघत होती. पिन तशीच ठेवून, ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तो हळूच म्हणाला, "ऋतू, ऋतू, ऋतूडी."

ती पुढं वाकली आणि ओली, शितं लागलेली पापी त्याच्या गालावर बसली.

वर्षभर मनात केलेल्या उजळणीत या वेळी तो तिला उचलून घेणार होता, हवेत उडवणार होता. प्रत्यक्षात त्याचं तोंड उघडं राहिलं आणि तो होता तसा थिजला. ऋता खदखदून हसायला लागली. त्याचा सगळ्यात भारी खेळ अजून चालू होता तर.

टेबलावर त्याचा फोन वाजला. मधुरिमानं उचलला.

"सबनीस को दो जी," कर्नल ढिल्लों म्हणत होते. "बडी मॅडम का फोन था. गुरमेल वाला आयटम दिल्ली में भी चाहिए. रिहर्सल कब रखें?"

मधुरिमानं सतरंजीकडे पाहिलं. "सर, वो अभी बात नहीं कर सकते. चार्जिंग पे लगे हैं."

कर्नलसाहेबांना स्वतःच्या तीन मुली होत्या.

"ठीक है," ते म्हणाले. "फुल होने दो."